तांब्याचे मुद्दल : चिलीच्या खाणींची दोन शतके

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत उत्तर-दक्षिण सुमारे ४,३०० किलोमीटर पसरलेला चिली हा देश लोकसंख्येने दोन कोटींच्या आसपास असला, तरी जगातील खाणींतून दरवर्षी निघणाऱ्या तांब्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या या देशातून येतो. वर्षाला ५० लाख टनांहून अधिक तांबे काढणारा दुसरा देश जगात नाही. चिलीच्या एकूण निर्यातीचे निम्मे मूल्य तांब्याचे असते, आणि लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव उतरला की सान्तियागो या राजधानीत अर्थमंत्र्याला आपल्या अंदाजपत्रकाचे आकडे पुन्हा तपासावे लागतात.

राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांनी तांब्याला ‘चिलीचा पगार’ म्हटले होते आणि तो शब्दप्रयोग त्या देशाच्या राजकीय भाषेत कायमचा रुजला. शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा खर्च ज्या मिळकतीवर चालतो ती बऱ्याच अंशी खाणीतून येत असल्यामुळे ही उपमा लोकांना पटली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती अपुरी पडते. पगार काम केल्यावर पुन्हा मिळतो, शेत पुढच्या हंगामात पुन्हा पिकते, पण खाणीतून काढलेला टनभर धातू त्या खाणीत पुन्हा तयार होत नाही. म्हणून खाणीची मिळकत ही मुद्दल मोडून आलेली रक्कम असते, आणि मुद्दल मोडणाऱ्या घराला जो हिशेब ठेवावा लागतो तोच खाणीवर जगणाऱ्या राष्ट्रालाही ठेवावा लागतो : हे मुद्दल कोणाचे, ते मोडताना कोणाच्या हाती किती पडते, आणि त्याच्या बदल्यात दुसरे कोणते टिकाऊ मुद्दल उभे राहते. चिलीची गेली दोनशे वर्षे या तीन प्रश्नांशी झगडण्यात गेली आहेत.

खडकातील तांबे

अँडीज पर्वतरांग आणि तिच्या पोटातील तांबे हे एकाच भूवैज्ञानिक घडामोडीचे परिणाम आहेत. पृथ्वीचे बाह्य कवच अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले असून त्यांना भूपट्ट म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या तळाशी असलेला नाझ्का भूपट्ट कोट्यवधी वर्षांपासून पूर्वेकडे सरकत दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली घुसत आहे. चिलीत वारंवार होणाऱ्या मोठ्या भूकंपांचे कारणही हेच आहे. खोल गेलेल्या पट्टातून सुटणाऱ्या पाण्यामुळे त्याच्या वरचा खडक अंशतः वितळतो, तयार झालेला शिलारस वर चढतो, आणि त्याचा काही भाग पृष्ठभागापर्यंत न पोचता काही किलोमीटर खोलीवरच थिजतो. थिजताना त्यातून अतितप्त, क्षारयुक्त पाणी बाहेर पडते, ते भोवतालच्या खडकाला असंख्य बारीक भेगा पाडते, आणि सोबत वाहून आणलेले तांबे, लोह व गंधक त्या भेगांत साठत जाते. अशा साठ्यांना पॉर्फिरी प्रकारचे साठे म्हणतात. त्यांतील मुख्य खनिज चाल्कोपायराइट हे तांबे, लोह व गंधक यांचे पितळेसारखे पिवळे संयुग होय. या साठ्यांचा विस्तार अफाट असतो, परंतु तांबे संपूर्ण खडकात विखुरलेले असल्यामुळे त्याचे प्रमाण अल्प असते.

चिलीच्या उत्तरेला निसर्गाने या साठ्यांवर आणखी एक संस्कार केला. पृष्ठभागाजवळच्या खनिजांतील तांबे झिरपणाऱ्या पाण्यात विरघळून खाली उतरले आणि भूजलाच्या पातळीजवळ पुन्हा साठले, त्यामुळे मूळ खडकापेक्षा कितीतरी अधिक तांबे असलेला थर तयार झाला. या क्रियेला थोडेसे पाणी लागते. पण पुढे पाऊस भरपूर राहिला असता, तर हा समृद्ध थर झिजून समुद्राला मिळाला असता. अटाकामाचे वाळवंट कालांतराने जगातील सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक झाले आणि त्या कोरडेपणाने हा ठेवा राखला. तांब्याच्या एका हिरव्या क्षारयुक्त खनिजाला तर या वाळवंटावरूनच अटाकामाइट हे नाव मिळाले आहे.

ज्या खडकातून धातू काढणे परवडते त्याला धातुक म्हणतात. आज चिलीच्या मोठ्या खाणींतील धातुकात तांब्याचे प्रमाण बहुधा एक टक्क्याहून कमी असते, म्हणजे एक टन तांब्यासाठी सुमारे दीडशे टन धातुक फोडून दळावे लागते, आणि त्या धातुकापर्यंत पोचण्यासाठी दूर करावा लागणारा निरुपयोगी खडक याशिवाय असतो. गंधकयुक्त धातुकाची पिठासारखी पूड करून ती पाणी व रसायने असलेल्या टाक्यांत घुसळली जाते. हवेच्या बुडबुड्यांना चिकटून तांब्याचे कण फेसाबरोबर वर येतात आणि उरलेला खडक तळाशी राहतो. या क्रियेला प्लवन म्हणतात. फेसातून मिळणाऱ्या मालात २५ ते ३० टक्के तांबे असते आणि व्यापारात तो कॉन्सन्ट्रेट या नावाने ओळखला जातो. भट्टीत वितळवून, म्हणजे प्रगलन करून, त्यातील लोह व गंधक दूर केले जाते आणि शेवटी विद्युत् विच्छेदनाने ९९.९९ टक्के शुद्धतेचे, कॅथोड या नावाने विकले जाणारे पत्रे मिळतात. पृष्ठभागाजवळच्या ऑक्सिजनयुक्त धातुकासाठी भट्टीची गरज नसते. त्याचे ढीग रचून वरून सौम्य गंधकाम्ल ठिबकवले जाते आणि खाली गोळा झालेल्या निळ्या-हिरव्या द्रावणातून विजेच्या साहाय्याने तांबे वेगळे केले जाते.

पाठीवरच्या ओझ्यापासून सोऱ्यापर्यंत

तांब्याचे खाणकाम अटाकामात युरोपीय लोकांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके चालू होते. चुकिकामाता येथील एका जुन्या बोगद्यात १८९९ मध्ये एका खाणकामगाराचा सुकलेला मृतदेह सापडला. कोसळलेल्या दरडीखाली तो आपल्या अवजारांसह गाडला गेला होता आणि तांब्याच्या क्षारांनी त्याचे शरीर हिरवे पडले होते. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा हा ‘ताम्रपुरुष’ आज न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. ज्या डोंगरात तो दगावला त्याच डोंगराने पुढे विसाव्या शतकात चिलीची अर्थव्यवस्था तोलून धरली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चिली हा जगातील अग्रगण्य तांबे-उत्पादक देश होता आणि जगाच्या उत्पादनातील त्याचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक झाला होता. तांब्याचा मोठा भाग वेल्समधील स्वान्सी येथील भट्ट्यांकडे जहाजाने जात असे. खाणी उथळ व अरुंद होत्या, धातुक मात्र अतिशय समृद्ध होते, आणि ते वर आणण्याचे साधन म्हणजे माणसाची पाठ. चार्ल्स डार्विनने १८३५ मध्ये उत्तर चिलीत फिरताना, ओबडधोबड खाचांच्या खांबांवरून चढत सुमारे ९० किलोचे ओझे वर आणणाऱ्या ‘आपिर’ नावाच्या हमालांची नोंद करून ठेवली आहे. समृद्ध शिरा संपत आल्या, अमेरिकेत प्रचंड खाणी सुरू झाल्या, आणि शतकाच्या अखेरीस जगातील तांब्यात चिलीचा वाटा दहाव्या भागाहूनही कमी उरला.

तोपर्यंत देशाचे लक्ष दुसऱ्याच खनिजाकडे वळले होते. अटाकामाच्या वाळवंटात सापडणारा सोडियम नायट्रेट, म्हणजेच चिली सोरा, हा शेतीसाठी खत आणि स्फोटकांसाठी कच्चा माल म्हणून युरोपात सोन्याच्या मोलाने विकला जात होता. या सोऱ्याच्या प्रदेशावरून चिलीने १८७९ ते १८८४ या काळात बोलिव्हिया आणि पेरू यांच्याशी युद्ध केले. त्यात पेरूने तारापाका गमावला आणि बोलिव्हियाने आंतोफागास्ता व त्याबरोबर आपला समुद्रकिनाराही गमावला. चुकिकामाता ज्या कालामा शहराजवळ आहे ते शहरसुद्धा या युद्धापूर्वी बोलिव्हियाचे होते. पुढील तीसेक वर्षे चिली सरकारच्या महसुलाचा जवळजवळ निम्मा भाग सोऱ्यावरील निर्यातकरातून येत राहिला. हाती अनायास पैसा येत असल्यामुळे सधन वर्गावर प्राप्तिकर बसवण्याची निकड कोणाला वाटली नाही.

या सुबत्तेचा पाया एका प्रयोगशाळेने काढून घेतला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया तयार करण्याची पद्धत शोधली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्याच्या प्रमाणावर आणली, आणि १९१३ मध्ये तिच्यावर आधारलेला पहिला कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर नैसर्गिक सोऱ्याची मागणी घसरत गेली, आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने उरलेला व्यवसायही मोडला; त्या मंदीचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या देशांत चिलीची गणना होते. ओसाड पडलेल्या हंबरस्टोन आणि सांता लाउरा या सोऱ्याच्या वसाहतींना २००५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सोऱ्याने दिलेला धडा साधा होता : मुद्दल जमिनीत शिल्लक असतानाही त्याची किंमत बाहेरचे जग एका रात्रीत शून्यावर आणू शकते, आणि म्हणून ते मोडून आलेला पैसा कशात गुंतवला याला सर्वाधिक महत्त्व असते.

परकीय भांडवलाचा काळ

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील यूटामध्ये विरळ धातुकाचा अख्खा डोंगर यंत्रांनी खोदून, प्रचंड उलाढालीच्या बळावर नफा कमावण्याची पद्धत यशस्वी झाली आणि चिलीच्या पॉर्फिरी साठ्यांचे भाग्य उजळले. त्यासाठी लागणारे भांडवल चिलीत नव्हते. रांकाग्वा शहराच्या वर अँडीजच्या कुशीत असलेल्या एल तेनियेंते खाणीत १९०५ पासून अमेरिकन अभियंता विल्यम ब्रेडन याच्या कंपनीने काम सुरू केले, आणि ती पुढे केनेकॉट कंपनीकडे गेली. गुगेनहाइम बंधूंनी १९१५ मध्ये चुकिकामाता येथे औद्योगिक उत्पादन सुरू केले आणि १९२३ मध्ये ती खाण ॲनाकोंडा कंपनीला विकली.

एल तेनियेंतेच्या कामगारांसाठी उभ्या डोंगरउतारावर सेवेल नावाचे शहर वसवण्यात आले. तेथे गाड्यांसाठी रस्तेच नव्हते, सारी ये-जा जिन्यांवरून होत असे, आणि भरभराटीच्या काळात तेथे सुमारे १५,००० लोक राहत होते. घर, दवाखाना, शाळा, दुकान व करमणूक ही सर्व कंपनीची असत. तसेच अमेरिकन अधिकारी आणि चिलियन कामगार यांच्या वस्त्या, वेतन व राहणीमान यांतील अंतरही कंपनीनेच आखलेले असे. १९ जून १९४५ रोजी या खाणीत आगीचा धूर बोगद्यांत पसरून ३५५ कामगार गुदमरून मरण पावले. चिलीच्या धातुखाणींच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना ‘धुराची शोकांतिका’ या नावाने ओळखली जाते, आणि खाणीतील सुरक्षेचे नियम कडक होण्यास ती कारणीभूत ठरली.

तांबे चिलीचे, पण त्याचा भाव, उत्पादनाचे प्रमाण आणि विक्री यांविषयीचे निर्णय न्यूयॉर्कमध्ये होत, ही गोष्ट लोकांना जाचू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने तांब्याचा भाव गोठवला, तेव्हा चिलीला बाजारभावाचा लाभ मिळाला नाही आणि त्या नुकसानीची आठवण पुढे कित्येक दशके राजकीय भाषणांत टिकून राहिली. कर वाढवून देशाचा हिस्सा वाढवण्याचे प्रयत्न झाले. १९६४ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो फ्रेई मोन्ताल्वा यांनी त्यापुढे जाऊन मोठ्या खाणींचे ५१ टक्के भाग सरकारने विकत घेण्याचे धोरण स्वीकारले, ज्याला तांब्याचे ‘चिलीकरण’ म्हणतात. पण भागांची किंमत देऊनही व्यवस्थापन बऱ्याच अंशी कंपन्यांकडेच राहिले, आणि त्यानंतर तांब्याचे भाव वाढल्यामुळे कंपन्यांचा नफाही वाढला. त्यामुळे अर्ध्या मालकीने कोणाचेच समाधान झाले नाही.

राष्ट्रीयीकरण आणि त्यानंतर

११ जुलै १९७१ रोजी चिलीच्या संसदेने मोठ्या तांबेखाणींच्या राष्ट्रीयीकरणासाठी घटनादुरुस्ती केली. समाजवादी आयेंदे सरकारने मांडलेल्या या दुरुस्तीला डाव्यांपासून उजव्यांपर्यंत सर्व पक्षांनी एकमुखाने पाठिंबा दिला, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, कारण त्या काळात जवळजवळ अन्य प्रत्येक प्रश्नावर ते पक्ष एकमेकांविरुद्ध उभे होते. हा दिवस ‘राष्ट्रीय प्रतिष्ठेचा दिवस’ म्हणून साजरा झाला. नुकसानभरपाई ठरवताना, १९५५ पासून वर्षाला १२ टक्क्यांहून अधिक मिळवलेला नफा ‘अतिरिक्त’ मानून वजा करण्यात आला आणि त्या हिशेबाने ॲनाकोंडा व केनेकॉट यांना प्रमुख खाणींसाठी काहीच देणे उरले नाही. कंपन्यांनी न्यायालयीन लढे पुकारले. केनेकॉटने तर युरोपातील बंदरांत येणाऱ्या चिलीच्या तांब्यावर दावा सांगितला. अमेरिकी सरकारने कर्जपुरवठा आवळला, अनुभवी तंत्रज्ञ देश सोडून गेले, आणि त्याच सुमारास तांब्याचा भावही उतरला.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने आयेंदे यांची सत्ता उलथवली. जनरल ऑगुस्तो पिनोशे यांच्या राजवटीने बहुसंख्य सरकारी उद्योग खासगी हाती दिले, अमेरिकन कंपन्यांना भरपाईही दिली, परंतु राष्ट्रीयीकृत तांबेखाणी परत केल्या नाहीत. उलट १९७६ मध्ये त्या एकत्र करून कोडेल्को ही सरकारी कंपनी स्थापन झाली. यामागे एक कारण उघड होते : १९५८ पासून चालत आलेल्या एका कायद्यानुसार तांब्याच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा शस्त्रखरेदीसाठी सैन्याला मिळत असे, आणि लष्करी राजवटीत तो कोडेल्कोच्या परदेशी विक्रीच्या १० टक्के इतका झाला. बराच काळ गुप्त राहिलेला हा कायदा लोकशाही परतल्यानंतरही दीर्घकाळ टिकला आणि २०१९ मध्ये रद्द झाला. देशाच्या मुद्दलाचा एवढा मोठा हिस्सा संसदेच्या वार्षिक चर्चेबाहेर साठ वर्षे खर्च होत राहिला, ही चिलीच्या हिशेबातील गंभीर उणीव मानली पाहिजे.

त्याच राजवटीने नव्या खाणींसाठी वेगळा मार्ग आखला. १९८० च्या राज्यघटनेने सर्व खाणींची अनन्य मालकी राज्याची असल्याचे घोषित केले, पण पाठोपाठच्या खाणकायद्याने खासगी कंपन्यांना इतके भक्कम खाणहक्क दिले की ते काढून घ्यायचे झाल्यास जमिनीखालच्या साठ्याच्या आजच्या मूल्याइतकी भरपाई द्यावी लागावी. या हमीमुळे १९९० नंतर परकीय गुंतवणुकीचा ओघ सुरू झाला. आंतोफागास्ताच्या आग्नेयेला वाळवंटात असलेली एस्कोंदिदा ही खाण १९९० च्या अखेरीस सुरू झाली. बीएचपी ही कंपनी तिची मुख्य भागधारक असून, वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांबे देणारी ही जगातील सर्वांत मोठी तांबेखाण आहे. आज चिलीतील तांब्याचा सुमारे एक-चतुर्थांश भाग कोडेल्कोचा आणि उरलेला मुख्यतः खासगी कंपन्यांचा असतो. याशिवाय ‘पिर्किनेरो’ म्हटले जाणारे छोटे खाणकरी आहेत, आणि त्यांचे धातुक विकत घेण्यासाठी १९६० मध्ये एनामी ही सरकारी कंपनी स्थापन करण्यात आली आहे.

भावाचा चढउतार आणि बचतीचा नियम

तांब्याचा भाव जगातील बांधकाम, वीजजाळी व कारखानदारी यांच्या तेजीमंदीबरोबर हलतो आणि चिलीचे त्यावर नियंत्रण नाही. तेजीच्या वर्षांत सरकारने हात सैल सोडायचा आणि मंदीत कर्ज काढायचे, हे खनिजसंपन्न देशांचे नेहमीचे दुखणे असते. चिलीने १९८० च्या दशकात तांब्यासाठी स्थिरीकरण निधी स्थापन केला आणि २००१ पासून त्याहून काटेकोर नियम लागू केला : स्वतंत्र तज्ज्ञांची समिती तांब्याच्या दीर्घकालीन भावाचा अंदाज करते, सरकारचा खर्च त्या अंदाजावर बेतला जातो, आणि प्रत्यक्ष भाव त्याहून वर गेल्यास जादा उत्पन्न बाजूला ठेवले जाते.

२००३ नंतर चीनच्या मागणीमुळे तांब्याचे भाव अनेक पटींनी वाढले, तेव्हा हा पैसा ताबडतोब वाटावा म्हणून निदर्शने झाली, पण अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को बचतीवर ठाम राहिले. २००८ च्या अखेरीस आर्थिक व सामाजिक स्थिरीकरण निधीत सुमारे २० अब्ज डॉलर जमा होते, आणि जागतिक अरिष्ट ओढवल्यावर २००९ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरांची मदतयोजना कर्ज न काढता राबवणे सरकारला शक्य झाले. भविष्यातील निवृत्तिवेतनासाठी वेगळा निधीही राखून ठेवलेला आहे. मुद्दल मोडून आलेल्या पैशाचा काही भाग तरी पुन्हा मुद्दलातच टाकण्याचा हा प्रयत्न होता आणि सोऱ्याच्या काळाशी तुलना केली, तर तो मोठाच पल्ला आहे.

तरीही या बचतीने समाजातील विषमता दूर केली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सान्तियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढल्याचे निमित्त होऊन जो जनक्षोभ उसळला, त्याच्या मुळाशी निवृत्तिवेतन, आरोग्य आणि शिक्षण यांतील दरी होती. खासगी खाणींकडून देशाला पुरेसे स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याच्या बदल्यात राज्याला द्यावा लागणारा मोबदला, मिळत नाही हा आक्षेपही जुनाच होता. दीर्घ चर्चेनंतर २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने वर्षाला ५०,००० टनांहून अधिक तांबे विकणाऱ्या कंपन्यांवर विक्रीमूल्याच्या एक टक्का आणि त्याशिवाय नफ्याच्या प्रमाणात वाढत जाणारे स्वामित्वधन बसवले, आणि त्यातील काही रक्कम प्रांतांना व नगरपालिकांना देण्याची तरतूद केली. तांबे ज्या मातीतून निघते तेथील नगरपालिकेच्या तिजोरीत त्याचा वाटा पडणे ही न्यायाची किमान अट होती.

हिशेबात न धरलेला खर्च

तांब्याच्या भावात न दिसणारा खर्च माणसे, पाणी आणि जमीन यांनी सोसला आहे. २८ मार्च १९६५ च्या भूकंपात एल कोब्रे येथील खाणगाळाचा बांध फुटला आणि खाली वसलेल्या वस्तीतील दोनशेहून अधिक लोक गाडले गेले. त्यानंतर अशा धोकादायक पद्धतीने बांध रचण्यास चिलीत बंदी आली. चान्यारालच्या उपसागरात १९३८ पासून अनेक दशके खाणींचा गाळ सोडला जात होता, त्यामुळे समुद्र मागे हटून किनाऱ्याची जागा गाळाने घेतली आणि मासेमारी उद्ध्वस्त झाली. गावकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९८८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. चुकिकामाता येथील कामगारवस्ती धूळ, वायू आणि पुढे सरकणारे दगडांचे ढिगारे यांमुळे २००७-०८ मध्ये रिकामी करून रहिवाशांना कालामा येथे हलवावे लागले. किंतेरो व पुचुनकावी या किनारी गावांना प्रदूषणामुळे ‘बळी दिलेला प्रदेश’ असे म्हटले जाऊ लागले आणि तेथील वेंतानास भट्टी कोडेल्कोने २०२३ मध्ये बंद केली.

पाण्याचा प्रश्न तर खाणीच्या अस्तित्वाशीच जोडलेला आहे. ज्या वाळवंटात वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही तेथे धातुक दळण्यासाठी लागणारे पाणी खारट सरोवरांच्या काठच्या भूजलातून उपसले गेले, आणि आताकामेन्यो या मूळनिवासी लोकांची कुरणे व मळे सुकू लागले. आता समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून ते डोंगरावर चढवण्याचा मार्ग स्वीकारला जात आहे. एस्कोंदिदासाठी सुमारे १८० किलोमीटर लांबीच्या नळांतून हे पाणी ३,००० मीटरहून अधिक उंचीवर पोचते, आणि २०२० पासून ती खाण भूजलाचा वापर न करता चालते.

खाणकामगाराच्या जिवाचा धोका कमी झाला असला, तरी संपलेला नाही. ५ ऑगस्ट २०१० रोजी कोपियापोजवळील सान होसे या मध्यम आकाराच्या खाणीत ३३ कामगार सुमारे ७०० मीटर खोलीवर अडकले आणि ६९ दिवसांनंतर त्या सर्वांना अरुंद विवरातून जिवंत बाहेर काढण्यात आले. सारे जग ती सुटका पाहत होते. ३१ जुलै २०२५ रोजी एल तेनियेंतेच्या पोटात बोगदा कोसळून सहा कामगार मृत्युमुखी पडले. ३,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे असलेली ही जगातील सर्वांत मोठी भूमिगत तांबेखाण आहे, आणि जितके खोल जावे तितका खडकाचा ताण वाढत जातो.

पुढची वाट

येत्या काळात तांब्याची गरज घटण्याची चिन्हे नाहीत. चांदीखालोखाल उत्तम वीजवाहक असलेला हा धातू पवनचक्क्या, सौरप्रकल्प व वीजजाळी यांना अपरिहार्य आहे, आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीला साध्या मोटारीच्या तीन ते चार पट तांबे लागते. दुसरीकडे चिलीचे सोपे तांबे संपत आले आहे. धातुकातील प्रमाण घटते आहे आणि खाणी खोल जात आहेत. जवळजवळ एक किलोमीटर खोल झालेल्या चुकिकामाताच्या उघड्या खड्ड्याखाली २०१९ मध्ये भूमिगत खाण सुरू करावी लागली. कोडेल्कोवर २० अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज आहे. तेवढेच तांबे काढण्यासाठी दरवर्षी अधिक खडक, अधिक वीज आणि अधिक पैसा लागतो आहे.

देशातून निघणाऱ्या तांब्याचा निम्म्याहून अधिक भाग कॉन्सन्ट्रेटच्या रूपात बाहेर जातो आणि त्याचे प्रगलन प्रामुख्याने चीनमध्ये होते. भारताशीही चिलीचे हेच नाते आहे : चिलीकडून भारतात येणाऱ्या मालात सर्वांत मोठा हिस्सा तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटचा असतो, आणि गुजरातेतील दहेजसारख्या किनारी प्रकल्पांत आयात केलेल्या अशा मालापासून शुद्ध धातू बनतो. दोनशे वर्षांपूर्वी चिलीचे तांबे स्वान्सीकडे जात होते, आज ते आशियाकडे जाते. धातूवर पुढची प्रक्रिया करणारे कारखाने, अभियंत्यांचे ज्ञान आणि यंत्रनिर्मिती यांचा मोठा भाग मात्र देशाबाहेरच राहिला आहे. खाण संपल्यावरही टिकणारे मुद्दल खरे तर हेच असते.

चिलीने मालकीचा प्रश्न १९७१ मध्ये सोडवला आणि वाटपाचा प्रश्न बचतनिधी व स्वामित्वधन यांच्या मार्गाने बऱ्याच प्रमाणात हाताळला. त्याच्या राजकीय जीवनात परस्परविरोधी सरकारे आली, तरी राष्ट्रीयीकृत खाणी कोणी विकल्या नाहीत आणि २००१ चा बचतीचा नियम कोणी पूर्णपणे टाकून दिला नाही, ही खनिजावर जगणाऱ्या देशांत दुर्मीळ गोष्ट आहे. तिसरा प्रश्न, म्हणजे तांब्याच्या बदल्यात दुसरे कोणते टिकाऊ मुद्दल उभे राहिले हा प्रश्न, अजून सुटलेला नाही. खाण बंद करताना जमीन सुरक्षित करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी कंपन्यांनी आधीच द्यावी, असा कायदा चिलीने २०११ मध्ये केला. खाणीने स्वतःच्या अखेरीची तजवीज आधीच करावी ही अट त्या कायद्याने घातली. आता तीच अट संपूर्ण अर्थव्यवस्थेला लावणे हे चिलीचे उरलेले काम आहे.